कात्रीचे घर आणि तांब्याचा रिबीट

द्राक्षाच्या बागेत वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. त्या दिवसांत छाटणाऱ्याजवळ दिवसभर कात्री असते. तिला सिकेटरही म्हणतात. हात मोकळा हवा असला, की कात्री ठेवायची कुठे? खिशात ठेवली तर खिसा फाटतो. खाली वाकले, की टोक मांडीत घुसते. म्हणून कमरेच्या पट्ट्याला चामड्याचे घर लावतात.

हे घर कितीही चांगले शिवा. ते दगा देते एकाच जागी. जिथे चामड्याला धातू जोडला, तिथे. रिबीट आणि टिचबटण या अगदी लहान वस्तू. पण कात्रीचा सारा भार त्यांच्यावर असतो. त्या निवडायच्या कशा आणि बसवायच्या कशा, ते पाहू या.

लोखंड का नको?

गिऱ्हाईक म्हणते, "मामा, दोन चुका ठोकून द्या, झाले!"

मामा म्हणतात, "ठोकीन की. पण पुढच्या छाटणीला घर परत घेऊन येशील, बाबा."

मामांचे म्हणणे खरे आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कमावतात. हिरड्याचा रस लोखंडाला लागला, की काळा पडतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करीत. हिराकशीत लोखंडच असते. चामड्यातही तसेच घडते. घामाने, दवाने चामडे ओले होते. चुकेभोवती काळा डाग पडतो. चूक गंजते. गंजाजवळचे चामडे ठिसूळ होते आणि भोक मोठे होते. मग एक दिवस चूक निसटते.

बागेत मोरचूदही असतो. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नये, असे सांगतात. का? तो लोखंड खातो म्हणून.

तेव्हा रिबीट घ्यावा तो तांब्याचा किंवा पितळेचा. त्याला गंज चढत नाही. चामड्यातल्या तेलाने त्याच्यावर हिरवट कळंक येतो. तो कोरड्या फडक्याने पुसून काढावा. दुकानातला पिवळा रिबीट पितळेचाच असेल, असे नाही. त्याला लोहचुंबक लावा. चिकटला, तर आत लोखंड आहे.

भोक कसे पाडावे?

रापीने चीर पाडू नका. ओढ बसली, की चीर दोन्ही टोकांनी फाटत जाते. गोल भोकाला टोक नसते. म्हणून ते लवकर फाटत नाही. चामडे लाकडाच्या ओंडक्यावर ठेवा. पोकळ पंचाने गोल भोक पाडा. भोक रिबिटाच्या दांडीएवढेच हवे. दांडी थोडी दाबून आत गेली पाहिजे. काठापासून ८ ते १० मिलिमीटर जागा सोडा.

रिबीट कसा बसवावा?

पट्टा ज्या पट्टीतून जातो, ती पट्टी आधी रिबिटांनी जोडा. घर मागाहून शिवा. एकदा घर शिवले, की आत हातोडी चालत नाही. रिबीट दोन घाला. एकाच रिबिटावर घर गरागरा फिरते.

रिबीट आतून बाहेर घाला. त्याचे चपटे डोके कात्रीच्या बाजूला राहील. डोक्याखाली ऐरण ठेवा. बाहेरून दांडीवर वायसर घाला. पोकळ ठोशाने तो खाली दाबा. वायसर चामड्याला घट्ट टेकावा, पण चामड्यात रुतू नये. दांडी वर जास्त उरली, तर पकडीने तोडा. दांडी जेवढी जाड, साधारण तेवढीच वर ठेवा. मग हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्या. मोठा दणका नको. दणक्याने दांडी आत वाकते. हलक्या ठोक्यांनी तिचे गोल डोके बनते. शेवटी रिबीट बोटांनी फिरवून पाहा. तो फिरू नये.

टिचबटण केव्हा लावावे?

तोंडावरची पट्टी कात्रीला धरून ठेवते. टिचबटण तिच्यासाठी असते. त्याचे दोन भाग वर आणि दोन भाग खाली लागतात. चामडे फार जाड असेल, तर बटणाची नळी पलीकडे पुरत नाही. तेवढ्या जागी चामडे रापीने तासून पातळ करा.

आधी पट्टीवरचे भाग बसवा. मग कात्री घरात घाला. पट्टी ताणून धरा आणि खालच्या भागाची खूण करा. कात्री न घालता अंदाजाने खूण केली, तर पट्टी सैल राहते. चामडे वापरून थोडे लांबतेच, मग ती आणखी सैल होते. खालच्या बटणाची मागची बाजू आत येते. तिच्यावर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा. नाहीतर कात्रीची धार तिथे घासून बोथट होते.

आता परीक्षा घ्या. कात्री मिटून घरात घाला आणि टिचबटण लावा. पाय बाजूला ठेवून घर उलटे धरा. चांगले झटका. कात्री पडली नाही, तर घर कमरेला लावायला हरकत नाही.