मॉर्मन श्रद्धेतील प्रकाश आणि अंधार

प्रकाश आणि अंधार या मॉर्मन श्रद्धेतील दोन मूलभूत संकल्पना आहेत. या श्रद्धेचा प्रमुख संप्रदाय म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ होय. त्याची स्थापना जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात केली. ‘मॉर्मन’ हे नाव रूढ असले, तरी २०१८ पासून चर्चने स्वतःच्या पूर्ण नावाचा आग्रह धरला आहे. या श्रद्धेनुसार प्रकाश हा केवळ अलंकार नसून ईश्वरापासून निघणारे, सर्व सृष्टीला व्यापणारे वास्तव तत्त्व आहे. मिळालेला प्रकाश अव्हेरल्याने होणारी त्याची हानी म्हणजे आध्यात्मिक अंधार होय.

प्रथम दर्शन

संप्रदायाच्या उगमकथेतच हे दोन्ही घटक आढळतात. १८२० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कोणत्या पंथात सामील व्हावे हे जाणून घेण्यासाठी स्मिथ घराजवळच्या वनराईत प्रार्थनेला गेले. त्यांनी १८३८ मध्ये सांगितलेल्या वृत्तांतानुसार प्रार्थना सुरू करताच एका अदृश्य शक्तीने त्यांना घेरले, वाचा बंद झाली आणि भोवती गडद अंधार दाटला. ते हताश होण्याच्या बेतात असताना सूर्याहून तेजस्वी असा प्रकाशस्तंभ अवतरला, अंधाराचे बंधन सुटले व त्यांना ईश्वर आणि येशू ख्रिस्त यांचे दर्शन घडले. या घटनेस ‘प्रथम दर्शन’ म्हणतात.

प्रकाशाचे स्वरूप

स्मिथ यांना झालेल्या साक्षात्कारांचा संग्रह ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या नावाने ओळखला जातो. त्यातील ८८ व्या प्रकरणानुसार ख्रिस्ताचा प्रकाश अवकाश व्यापून राहतो. सूर्य, चंद्र व तारे यांतील तेज, सर्व वस्तूंतील जीवन, मनुष्याची आकलनशक्ती आणि सृष्टीचे नियमन करणारा नियम ही त्याचीच रूपे होत. ९३ वे प्रकरण मे १८३३ मधील असून त्यात ईश्वराचे वैभव म्हणजे प्रज्ञा, अर्थात प्रकाश आणि सत्य, असे प्रतिपादन आहे. ही प्रज्ञा निर्माण केली गेलेली नाही व करताही येत नाही, असेही त्यात म्हटले आहे.

‘ख्रिस्ताचा प्रकाश’ आणि ‘पवित्र आत्म्याचे दान’ यांत भेद केला जातो. पहिला धर्म किंवा वंश न पाहता प्रत्येक मनुष्यास जन्मतः लाभतो व सदसद्विवेकाच्या रूपाने जाणवतो. दुसरे बाप्तिस्म्यानंतर मस्तकावर हात ठेवून दिले जाते. संप्रदायात वयाच्या आठव्या वर्षापासून बाप्तिस्मा दिला जातो.

अंधाराचे स्वरूप

मॉर्मन मतानुसार अंधार दोन मार्गांनी येतो: आज्ञाभंगाने आणि पूर्वजांकडून आलेल्या चुकीच्या परंपरांमुळे. तो बहुधा एकाएकी येत नाही. जो मिळालेल्या प्रकाशाप्रमाणे वागतो त्याचा प्रकाश वाढत जातो आणि जो अंतःकरण कठोर करतो त्याच्याकडचे ज्ञान हळूहळू कमी होते. स्वतः स्मिथही या नियमाला अपवाद मानले जात नाहीत. १८२८ मध्ये त्यांनी अनुवादाची ११६ हस्तलिखित पाने मार्टिन हॅरिस यांच्या हाती दिली व ती हरवली. त्यानंतर त्यांचे मन अंधारले आणि अनुवादाची शक्ती काही काळ काढून घेण्यात आली, असे साक्षात्कारात नमूद आहे.

‘बुक ऑफ मॉर्मन’मधील प्रतीके

१८३० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये लेही या संदेष्ट्याचे स्वप्न येते. ईश्वरी प्रेमाचे प्रतीक असलेल्या वृक्षाकडे निघालेले लोक अंधाऱ्या धुक्यात वाट चुकतात. धुके म्हणजे सैतानाची प्रलोभने, तर वाटेकडेचा लोखंडी गज म्हणजे ईश्वराचे वचन. गज धरून चालणारे वृक्षापाशी पोहोचतात. मात्र फळ चाखूनही इतरांच्या उपहासाने लाजलेले काहीजण भरकटतात.

दुसऱ्या कथेत जॅरेडच्या भावाला बंदिस्त नौकांतून समुद्र ओलांडायचा असतो. नौकांत उजेड कसा आणावा याचा उपाय ईश्वर त्यालाच विचारतो. तो खडक वितळवून १६ पारदर्शक खडे तयार करतो व ईश्वर स्पर्शाने ते उजळवतो. प्रकाश कृपेने मिळतो, परंतु मनुष्याने आपला वाटा उचलावा लागतो, असा बोध या कथेतून घेतला जातो.

मरणोत्तर अवस्था

फेब्रुवारी १८३२ मधील साक्षात्कारात मृत्यूनंतरच्या तीन वैभवलोकांचे वर्णन असून त्यांचे तेज अनुक्रमे सूर्य, चंद्र आणि तारे यांच्यासारखे सांगितले आहे. बहुतेक सर्व मनुष्यांना यांपैकी एक लोक प्राप्त होतो. ‘बाह्य अंधार’ ही अंतिम गती केवळ ज्यांनी पूर्ण प्रकाश जाणूनबुजून नाकारला त्यांच्यासाठी आहे. त्यामुळे अज्ञानी मनुष्यापेक्षा ज्ञान मिळूनही पाठ फिरवणारा अधिक दोषी ठरतो.

वर्णविषयक वाद

‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये काही ठिकाणी त्वचेच्या काळेपणाचा संबंध शापाशी जोडलेला आहे. १८५२ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी कृष्णवर्णीय आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य नाकारण्याचे धोरण जाहीर केले. त्याच्या समर्थनार्थ त्वचेच्या वर्णाला आध्यात्मिक अंधाराची खूण ठरवणारी मते पुढे मांडली गेली. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांच्या काळात ही बंदी उठली. १९८१ च्या आवृत्तीत, १८४० च्या आवृत्तीस अनुसरून, एका वचनातील ‘गोरे’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘शुद्ध’ हा शब्द आला. २०१३ मध्ये चर्चने काळी त्वचा ही ईश्वरी अवकृपेची किंवा शापाची खूण असल्याची मते अधिकृतपणे नाकारली. प्रत्येक मनुष्यास जन्मतः प्रकाश मिळतो, हे तत्त्व मात्र संप्रदायाच्या ग्रंथांत आरंभापासूनच होते.