स्वतःचे शरीर कमावणे, दुसऱ्याचे शरीर घडवणे

इंद्रायणीकाठची आमची चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्यानंतर शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आणि रस्त्याच्या दुतर्फा व्यायामशाळांच्या पाट्या झळकू लागल्या. पलीकडे भोसरी आहे. पैलवानांचे गाव म्हणून तिचा लौकिक आजही टिकून आहे. त्यामुळे व्यायामाचे वेड या परिसराला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की आता घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला पर्सनल ट्रेनर व्हायचे आहे." मग आईवडील दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, यावर पोट भरेल का?"

हा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. या मुलाच्या हाती एखाद्या अनोळखी माणसाचे हृदय, गुडघे आणि मणके सोपवता येतील का? या व्यवसायातील यश बव्हंशी याच उत्तरावर अवलंबून असते.

जुनी परंपरा, मूळ भांडवल

व्यायाम शिकवणे हा महाराष्ट्रात पूर्वीपासून मानाचा व्यवसाय आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांनी अनेक पिढ्या घडवल्या. ते केवळ बलवान नव्हते. निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे बसवण्यातही त्यांची ख्याती होती. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, म्हणजेच स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला आरंभ केला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. या सर्वांनी आपले ज्ञान हेच आपले भांडवल मानले. पिळदार दंड ही त्या ज्ञानाची केवळ खूण होती.

आज मात्र आरशातले शरीर हीच पुष्कळांना पात्रता वाटते. स्वतःचे शरीर कमावणाऱ्याला एकच शरीर ठाऊक असते, तेही बहुधा तरुण आणि निरोगी. प्रशिक्षकापुढे येतात ते निराळेच लोक: चाकणच्या कारखान्यात आठ तास उभे राहून काम करणारा कामगार, रात्रपाळीने झोप मोडलेला अभियंता, बाळंतपणानंतर कंबर धरलेली गृहिणी, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे निवृत्त गृहस्थ. या चौघांना एकच तक्ता देणारा माणूस व्यायाम शिकवत नाही, तो नशीब आजमावतो, आणि तेही दुसऱ्याचे.

शिक्षण कोणते घ्यावे?

डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी सक्तीची असते. प्रशिक्षकासाठी आपल्याकडे तसा परवाना कायद्याने आवश्यक नाही. म्हणूनच निवडीची जबाबदारी कुटुंबावर येते. बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घेणे हा लांबचा पण भक्कम मार्ग. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचे असेल, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मोलाची ठरते. 'स्किल इंडिया'च्या चौकटीतही फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांसारख्या परदेशी संस्थांची प्रमाणपत्रेही अनेक जण घेतात. त्यांच्या परीक्षेसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि प्राणरक्षक प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र हाती असावे लागते. चार दिवसांच्या शिबिरात चमकदार कागद देणाऱ्यांपासून दूर राहावे. शरीररचना, शरीरक्रिया, व्यायामाची आखणी आणि प्रत्यक्ष सराव यांपैकी काय आणि किती तास शिकवणार, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे.

प्रथमोपचार हा या शिक्षणाचा शोभेचा भाग नव्हे. व्यायाम करताना एखाद्याचे हृदय थांबले, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देणारे हात तेथे त्याच क्षणी हवे असतात. रुग्णवाहिका येईपर्यंत तेच हात माणसाला जगवू शकतात.

चांगला प्रशिक्षक काय करतो?

पहिल्या दिवशी तो वजन उचलायला देत नाही, प्रश्न विचारतो. छातीत कधी दुखले का? भोवळ आली का? कोणती औषधे चालू आहेत? घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का? उत्तरे तो लिहून ठेवतो आणि शंका आली तर आधी डॉक्टरकडे पाठवतो. उच्च रक्तदाबाच्या माणसाला तो श्वास रोखून जड वजन उचलू देत नाही, कारण त्या क्षणी रक्तदाब एकाएकी उसळतो. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून हात थरथरू लागले, तर तो व्यायाम थांबवून त्याला साखर देतो. पहिल्याच आठवड्यात अतिश्रम झालेल्या नवख्याची लघवी गडद तपकिरी झाली, तर "सवय होईल" असे न म्हणता त्याला तातडीने रुग्णालयात पाठवतो. स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याची ती खूण असू शकते.

काय करायचे नाही, हेही तो जाणतो. औषध देणे हे त्याचे काम नव्हे. पुणे परिसरातील काही व्यायामशाळांभोवती मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनांचा चोरटा व्यापार झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी ते औषध असते. ताकद वाढावी म्हणून ते टोचून घेणाऱ्याची नाडी बेताल होते, मन भ्रमिष्ट होऊ शकते आणि व्यसनही जडते. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडने दंड फुगतात; परंतु वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. प्रथिनांच्या डब्यांविषयीही सबुरी हवी. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी, असेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तिने सांगितले आहे. डबे विकून मिळणाऱ्या दलालीवर ज्याचे घर चालते, त्याला हे खरे सांगणे जड जाते. या व्यवसायातला खरा मोह येथेच आहे.

पोटाचा प्रश्न

आता आईवडिलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बहुतेक तरुण आरंभी एखाद्या जिममध्ये मासिक पगारावर लागतात. वैयक्तिक शिकवणीच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्यांना मिळतो. हा वाटा किती आणि कधी मिळणार, हे लेखी घ्यावे. कामाची गर्दी पहाटे आणि संध्याकाळी असते. मधले तास रिकामे जातात. आपल्या औद्योगिक पट्ट्यात मात्र तीन पाळ्यांमुळे दुपारीही शिकणारे मिळू शकतात. ज्येष्ठ नागरिक, मधुमेही आणि संकोचाने जिममध्ये न येणाऱ्या महिला यांना शिकवणारे प्रशिक्षक, विशेषतः स्त्री-प्रशिक्षक, आज फार थोडे आहेत. ज्याने हे विशेष ज्ञान मिळवले, त्याला चाळिशीनंतरही काम मिळते. ज्याच्याजवळ दाखवायला केवळ स्वतःचे शरीर आहे, त्याची मागणी वयाबरोबर ओसरते. आजारी पडले की उत्पन्न थांबते. म्हणून आरोग्यविमा आणि सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक पहिल्या वर्षापासूनच जमवावी. रोज सात-आठ जणांबरोबर स्वतःही व्यायाम करत बसू नये, नाहीतर सांधे अकाली कुरकुरतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. डॉक्टर हे चिठ्ठीवर लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. ते रोज, धीराने, न दुखापत होता करवून घेणारा माणूस आम्हालाही हवा आहे. आपल्या घरातील मुलामुलींना ते व्हायचे असेल, तर त्यांना अडवू नका. आधी एक-दोन वर्षे नीट शिकू द्या, तो खर्च शिक्षणाचाच समजा, आणि इंजेक्शनाच्या वाटेला न जाण्याचा शब्द त्यांच्याकडून घरातच, मोकळेपणी बोलून घ्या.