अंगणातलं बीजगणित – ६ : पंधरा ते आठ

मागच्या लेखात चौरसात मांडलेल्या ठिपक्यांवरून आपण क × क पर्यंत पोचलो. आकृती कितवी, ते सांगणारा आकडा म्हणजे 'क', एवढंच तेव्हा ठरवलं होतं. आज ठिपके तेच, मांडणी जरा अवघड.

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या पडतात. दिवस संक्रांतीचे, त्यामुळे पूर्व भागातल्या तेलुगू घरांपुढेही मुग्गू, म्हणजे तेलुगू रांगोळ्या, सजलेले असतात. ठिपक्यांच्या रांगोळ्यांच्या पुस्तकात आकृतीशेजारी '१५ ते ८' एवढंच लिहिलेलं असतं आणि काढणारीला ते पुरतं. मधली ओळ १५ ठिपक्यांची. तिच्या वर आणि खाली दर ओळीला एक ठिपका कमी, तोही आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. ८ आले की थांबायचं. षटकोन तयार होतो.

यात ठिपके किती? वर्गात एकदम इथून सुरुवात करू नये. आधी एकच ठिपका काढावा. ती पहिली आकृती. दुसरी '३ ते २', तिसरी '५ ते ३'. मुलं मोजतात : १, ७, १९. वाढ झाली ६ आणि १२. आता फळ्याकडे पाठ करून विचारा, पुढची वाढ किती? काही जण २४ म्हणतील, कारण ६ ची दुप्पट १२. काही १८ म्हणतील. नुसत्या आकड्यांवर हा वाद मिटत नाही, दोन्ही उत्तरं त्यांत बसतात. निकाल आकृतीच देते. प्रत्येक नवं कडं सहा बाजूंचं असतं आणि आधीच्या कड्यापेक्षा त्याच्या दर बाजूला एकच ठिपका वाढतो. म्हणून वाढ १८, आणि '७ ते ४' मध्ये ठिपके ३७.

सूत्र इथूनच निघतं. मधला ठिपका १, भोवती ६ × १, ६ × २, ६ × ३... अशी कडी. '१५ ते ८' या आठव्या आकृतीत कडी सात, म्हणून १ ते ७ ची बेरीज हवी. अशा बेरजेची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त श्रेढीच्या प्रकरणात दिली आहे : शेवटच्या संख्येत एक मिळवा आणि तिच्या निम्म्यानं गुणा. आठ गुणिले साडेतीन, २८. त्याची सहापट १६८, अधिक मधला एक : १६९.

बेरजा नकोशा वाटणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. मधला ठिपका सोडा आणि उरलेले ठिपके तीन रंगांच्या खडूंनी तीन सारख्या, तिरक्या चौकटींत वाटा. '७ ते ४' मध्ये प्रत्येक चौकट ४ × ३ ची होते. '१५ ते ८' मध्ये ८ × ७ ची. तीन चौकटींचे १६८, मधला एक, पुन्हा १६९. कितव्याही आकृतीसाठी लिहायचं तर :

३ × क × (क − १) + १

तिसरं कुणीतरी सरळ ओळी मोजेल : १५, आणि ८ ते १४ ची बेरीज दोनदा. तेही बरोबरच. कड्यांचं सूत्र, चौकटींचं सूत्र आणि ओळींचं सूत्र कागदावर वेगवेगळी दिसतात. पण ठिपके तेच असल्यामुळे ती समान असणं भागच आहे. कंस सोडवणं, पदं एकत्र करणं हे सगळं ही समानता ठिपके न मोजता दाखवण्यासाठी असतं. हे आधी कळलं, तर दहावीतली अंकगणिती श्रेढी परकी वाटत नाही.

शिक्षकांना एक विनंती. सूत्र फळ्यावर आधी लिहू नका. मुलांनी आपापल्या मोजण्याची रीत शब्दांत सांगू द्या, मग शब्दांच्या जागी 'क' येऊ द्या.

या आठवड्याचा गृहपाठ : मधली ओळ ७ ठिपक्यांची, वर-खाली दोन-दोन कमी होत १ पर्यंत. एकूण ठिपके २५. ते दोन चौरसांत कसे वाटाल? त्यावरून क चं सूत्र लिहा.

आणि पुढच्या लेखासाठी एक कोडं : ८ चा घन ५१२, ७ चा घन ३४३. वजाबाकी करून पाहा. सपाट रांगोळीत घन कुठून आला, ते पुढच्या आठवड्यात.