प्रेरणा घेताना नेमकं काय घ्यायचं? सत्यजित राय यांचं उदाहरण

कुणाचा चांगला चाललेला धंदा बघितला की आपण म्हणतो, "मलाही असंच करायचंय." पण त्यात बघायचं काय?

सत्यजित राय कोलकात्यात एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. १९५० साली कंपनीच्या कामासाठी ते लंडनला गेले आणि तिथे त्यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन सिनेमा पाहिला. चोरीला गेलेल्या सायकलची साधी गोष्ट. राय यांनी ती गोष्ट नाही, पद्धत उचलली. नवखे कलाकार, खऱ्या रस्त्यांवर शूटिंग. म्हणजे स्टार आणि स्टुडिओ नसले तरी जमतं!

‘पथेर पांचाली’साठी निर्माता मिळेना. मग विमा पॉलिसीवर कर्ज काढून, नोकरी सांभाळून, १९५२ मध्ये त्यांनी सुट्टीच्या दिवशी शूटिंग सुरू केलं. हेतू हा की थोडा भाग तरी लोकांना दाखवता यावा. पुढे पत्नीचे दागिने गहाण पडले, काम कित्येक महिने थांबलं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले आणि १९५५ साली सिनेमा लागला.

दागिने गहाण टाकायची नक्कल करू नका. ती जोखीम प्रत्येकाला पेलेलच असं नाही. आपण घ्यायचं ते एवढंच:

१. ज्याच्याकडून प्रेरणा घेताय, त्याने खर्च कुठे वाचवला ते बघा.
२. लगेच नोकरी सोडू नका.
३. पैसे मागायला जाताना हातात सॅम्पल असू द्या. नुसत्या आयडियावर कुणी पैसे लावत नाही.

तुमचं सॅम्पल काय असेल? आजच वहीत लिहून काढा.