टाच का दुखते?

सकाळी उठून पहिले पाऊल टाकले, की टाचेत कळ येते. थोडे चालल्यावर ती कमी होते. पुष्कळांना वाटते, काटा मोडला. मग सुईने टाच कोरतात, बिब्ब्याचा चटका देतात. आम्ही सांगतो, तसे करू नका. जखम चिघळेल आणि दुखणे तसेच राहील.

तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. फार वेळ उभे राहून, कडक जमिनीवर अनवाणी चालून किंवा वजन वाढून तो ताणतो. म्हणून टाच दुखते. कधी टाचेचे हाड वाढून त्याला टोक येते. पण टोक असूनही अनेकांची टाच दुखत नाही. त्याला भिऊ नका.

अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढा. दहा आकडे मोजा, मग सोडा. असे दहा वेळा करा. मऊ, जाड टाचेची चप्पल घाला. झिजलेली टाकून द्या. गार पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवा. गुण यायला काही महिने लागतात. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही.

टाच सुजली, लाल झाली, बधिर झाली किंवा ताप आला, तर दवाखाना गाठा. मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अनवाणी तर चालूच नका.