झिप फाइल उघडत नाही? आधी कारण ओळखा

प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री हमखास फोन येतो, "सर, झिप उघडतच नाही!" रायपूरला आमच्या एका गटाने सत्रभराचे काम एका झिपमध्ये भरले, ती पेनड्राइव्हवर घेतली आणि मूळ फोल्डर पुसून टाकले. कॉपी पूर्ण होण्याआधीच पेनड्राइव्ह काढला गेला होता. अशा वेळी काय करावे हे समजण्यासाठी झिपची रचना आधी पाहू.

झिपची रचना

हे स्वरूप फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणले. त्यांच्या नावातील 'पी' आणि 'के' ही आद्याक्षरे आजही साध्या झिपच्या पहिल्या दोन बाइटमध्ये असतात. पुढे प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कॉम्प्रेस करून ठेवलेली असते. तिच्यासाठी सीआरसी-३२ ही ३२ बिटांची तपासणी-संख्याही नोंदलेली असते. पुस्तकाची अनुक्रमणिका सुरुवातीला असते, झिपची मात्र अगदी शेवटी असते. उघडणारा प्रोग्राम आधी तीच शोधतो. म्हणून ९९ टक्के डाउनलोड झालेली झिपही उघडत नाही; पण आतला बहुतेक मजकूर शाबूत असतो.

तपासणीचा क्रम

१. आकार: मूळ फाइलचा आणि तुमच्याकडील फाइलचा आकार बाइटमध्ये जुळवा. कमी भरला तर पुन्हा डाउनलोड करा.

२. खरे स्वरूप: लहान फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला 'पीके' असेल तर झिप, 'रार' असेल तर रार. वेबपानाचा मजकूर दिसला, तर झिपऐवजी लॉगिनचे पान सेव्ह झाले आहे. नुसते नाव बदलून स्वरूप बदलत नाही.

३. सीआरसी एरर: आतला मजकूर बिघडला आहे. सीआरसी बिघाड दाखवते, दुरुस्त करत नाही.

४. पासवर्ड: बरोबर असूनही चालत नसेल, तर फाइल एईएस पद्धतीने कुलूपबंद असू शकते. सेव्हन-झिपने उघडून पाहा.

५. मर्यादा: जुन्या झिप स्वरूपात ४ जीबी आणि ६५,५३५ फाइली एवढीच सोय होती. त्यापुढे झिप-६४ लागते. फॅट-३२ पेनड्राइव्हवरही ४ जीबीची एक फाइल मावत नाही.

६. लांब पत्ता: विंडोजमध्ये फोल्डरसह पूर्ण पत्ता २६० अक्षरांपुढे गेला की अडचण येते. झिप थेट ड्राइव्हच्या मुळाशी लहान नावाच्या फोल्डरमध्ये उघडा.

दुरुस्ती

आधी बिघडलेल्या फाइलची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवरच करा. लिनक्सच्या झिप आज्ञेतील दुहेरी 'एफ' पर्याय अनुक्रमणिकेवर अवलंबून न राहता आतल्या फाइलींच्या खुणा शोधतो आणि नवी झिप बांधतो. आमच्या गटाच्या बहुतेक फाइली अशाच परत मिळाल्या. शेवटी असलेला अहवाल मात्र पेनड्राइव्हवर पोहोचलाच नव्हता; तो रात्रभर बसून पुन्हा लिहावा लागला. 'सॉलिड' प्रकारच्या रार किंवा सेव्हन-झेड फाइलीत अनेक फाइली सलग कॉम्प्रेस होतात, त्यामुळे एका जागच्या बिघाडाने पुढच्या फाइलीही जाऊ शकतात.

लक्षात ठेवा

झिप तयार झाली की 'टेस्ट' पर्यायाने तपासा. दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तोपर्यंत मूळ फोल्डर पुसू नका.