निरोप पुसणारी प्रथिने

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याने एमआरएनए लशींच्या २२ प्रकल्पांचा सुमारे ५० कोटी डॉलरचा निधी काढून घेतला. श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील संसर्गापुढे या लशी अपुऱ्या पडतात, हे त्याचे अधिकृत कारण. घरोघरी भीती मात्र निराळीच आहे : टोचलेला एमआरएनए अंगात कायमचा ठाण मांडून बसतो. ही भीती घालवताना तज्ज्ञ बहुधा ‘तो लवकर नष्ट होतो’ एवढे सांगून थांबतात. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. त्याला नष्ट कोण करते, केव्हा करते आणि ते काम बिघडले तर काय होते, हे प्रश्न लशीपुरते नाहीत. संधिवातापासून थॅलेसेमियापर्यंत अनेक आजारांत हाच हिशेब चुकलेला असू शकतो, आणि जनुकांचा पाठलाग करताना वैद्यकाने या बाजूकडे फार उशिरा पाहिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

जनुक हा जपून ठेवलेला मूळ दस्त मानला, तर एमआरएनए ही रोजच्या कामासाठी काढलेली त्याची नक्कल, म्हणजे पेशीला धाडलेला निरोप. नकला किती काढायच्या यावर पेशीचे जेवढे लक्ष असते, तेवढेच त्या कधी फाडायच्या यावरही असते. गंमत अशी की फाडण्याचा हुकूम नकलेवरच लिहिलेला असतो. प्रथिन कसे बनवायचे तो मजकूर संपल्यानंतरच्या कोऱ्या वाटणाऱ्या भागात. १९८६मध्ये ग्रे शॉ आणि रॉबर्ट केमन यांनी एका अल्पायुषी एमआरएनएच्या त्या भागातला, ‘ए’ आणि ‘यू’ या अक्षरांनी भरलेला ५१ अक्षरांचा तुकडा उचलला आणि हिमोग्लोबिन घडवणाऱ्या ग्लोबिन या प्रथिनाच्या दीर्घायुषी एमआरएनएला जोडला. एरवी दणकट असलेला ग्लोबिनचा निरोप झटपट नाहीसा होऊ लागला. हा हुकूम वाचतात ती आरएनए-बंधक प्रथिने. त्यांतली काही निरोपाला विनाशाकडे नेतात, तर ‘एचयूआर’सारखी काही त्याच्याभोवती पहारा देतात. कित्येक कर्करोगांत हे एचयूआर प्रमाणाबाहेर आढळते.

या सगळ्यांत ट्रिस्टेट्राप्रोलिन, म्हणजे टीटीपी, याच्याइतका लख्ख पुरावा क्वचितच कुणाचा असेल. तो उभा करण्यात अमेरिकेतले पेरी ब्लॅकशियर यांचा वाटा सर्वांत मोठा. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी टीएनएफ नावाचे प्रथिन सोडतात. लढाईला ते हवेच, पण लढाई संपल्यावरही ते येतच राहिले तर आपलेच सांधे पोखरते. टीटीपी त्या निरोपावरचा ‘ए-यू’ पट्टा पकडते आणि निरोपाच्या शेवटी असलेली ‘ए’ अक्षरांची लांब शेपटी कुरतडणाऱ्या विकरांना बोलावून घेते. शेपटी आखूड झाली की निरोप संपला. १९९६मध्ये ब्लॅकशियर यांच्या गटाने टीटीपी नसलेले उंदीर तयार केले. जन्मतः ती पिल्ले चांगली होती. काही आठवड्यांत ती खंगू लागली, वजन वाढेना, सांधे सुजले, कातडी बिघडली. टीएनएफला रोखणारी प्रतिपिंडे देत राहिल्यावर यातले जवळजवळ सारे टळले. मग १९९९मध्ये ग्रीसमधल्या जॉर्ज कोलियास यांच्या गटाने टीटीपीला हात न लावता टीएनएफच्या निरोपावरचा तेवढा पट्टा कापला. त्या उंदरांना संधिवात झाला, शिवाय क्रोन्ससारखा आतड्याचा दाहही. त्यांच्या टीएनएफ प्रथिनात एकाही अक्षराची चूक नव्हती. निरोप वेळेवर पुसला गेला नाही, एवढ्यावर ते जनावर आजारी पडले.

उलटी बाजूही तितकीच बोलकी आहे. तांबडी पेशी परिपक्व होताना आपले केंद्रक टाकून देते. त्यानंतर नवा निरोप निघणे अशक्य, म्हणून अल्फा ग्लोबिनचा जुनाच निरोप टिकवावा लागतो. त्याच्या शेपटाकडच्या भागात ‘सी’ अक्षरांचा पट्टा असतो आणि त्यावर एक रक्षक प्रथिन बसलेले असते. आग्नेय आशियात आढळणाऱ्या ‘हिमोग्लोबिन कॉन्स्टंट स्प्रिंग’ या दोषात ‘थांबा’ सांगणारी खूणच बदलते. निरोप वाचून प्रथिन जुळवत निघालेले पेशीतले यंत्र, रायबोसोम, थांबत नाही, ३१ अमिनो आम्ले जास्तीची जोडत पुढे सरकतो आणि वाटेतल्या त्या रक्षकाला ढकलून देतो. उघडा पडलेला निरोप नष्ट होतो आणि अल्फा थॅलेसेमिया पदरी येतो.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की एकेक बंधक प्रथिन शेकडो निरोपांना धरते. त्याला औषधाने डिवचले तर काय काय उलटेल याचा नेम नाही. आक्षेप वजनदार आहे. टीटीपीला निष्क्रिय करणाऱ्या ‘पी-३८’ या विकराला अडवणारी औषधे संधिवातात चाचण्यांपर्यंत पोचली आणि तिथेच हरली. पण पी-३८ पेशीत इतर असंख्य कामे करते. ते अपयश मी टीटीपीच्या खाती मांडणार नाही. ब्लॅकशियर यांच्याच गटाने २०१६मध्ये टीटीपीच्या स्वतःच्या निरोपावरचा पट्टा काढून त्याचे आयुष्य वाढवले. शरीरभर टीटीपी थोडे वाढले, उंदीर धडधाकट राहिले आणि प्रयोगात घडवलेल्या संधिवातापासून, त्वचादाहापासून त्यांचे रक्षण झाले. माणसातला पुरावा हवा तर तो आडवळणाने मिळतो. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड पी-३८ला विझवणारे विकर वाढवते आणि त्यातून टीटीपी मोकळे होते. त्याचा हा एकमेव मार्ग नाही, पण एक मार्ग नक्की आहे. याच औषधाने २०२०च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले.

आता लशीकडे परत येऊ. एमआरएनए जास्त टिकतो ही या तंत्रज्ञानाची अडचण कधीच नव्हती. तो टिकत नाही, ही होती. म्हणून तर मॉडर्नाच्या लशीने शेपटाकडचा भाग त्याच चिवट अल्फा ग्लोबिनकडून उसना घेतला. लसिकाग्रंथींत लशीचा एमआरएनए ६० दिवसांपर्यंत सापडल्याचे २०२२मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि ते लपवण्याने विश्वास वाढत नाही. साठ दिवस म्हणजे कायम नव्हे; मात्र ‘दोन दिवसांत संपतो’ हे सरसकट विधानही टिकत नाही. लोकांना दिलासा देण्यापेक्षा मोजमाप द्यायला हवे आणि ते मोजमाप करणारे संशोधक पोसायला हवेत. देशातली पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हाने बनवली. जून २०२२मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली आणि ती साध्या २ ते ८ अंशांत साठवता येते. अमेरिकेने हात आखडता घेतला म्हणून आपणही घेऊ नये. निरोप लिहिण्याची विद्या पुण्यात आहे. तो केव्हा पुसला जातो, या मूलभूत संशोधनासाठी केंद्राने आणि राज्याने आता पैसा द्यावा.